सूर्य बोटभर, विळी वीतभर

अंबडला आमच्या घरात चुंबकाला स्वस्थ बसता येत नाही. घर औद्योगिक वसाहतीच्या अगदी कडेला. दारावरून दिवसभर सळ्या, पत्रे, लोखंडी पाइप भरलेले टेम्पो जातात आणि टेम्पो गेला की माझ्या बरणीतलं चुंबक मान वळवून त्याच्या मागे बघत राहतं. मला बघायचं होतं वेगळंच. सूर्याकडून सतत एक वारा वाहत असतो आणि तो पृथ्वीच्या चुंबकत्वाला धक्के देत असतो, असं मी वाचलं होतं. हा वारा हवेचा नव्हे, सूर्याच्या अंगावरून उडालेल्या, विजेचा भार असलेल्या कणांचा. तो धक्का नाशिकमध्ये बसून, घरातल्याच वस्तू वापरून बघता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता. पण आमच्या गल्लीत सूर्याच्या आधी टेम्पोचा नंबर लागायचा. म्हणून ती बरणी मी थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, इंदिरानगरला नेऊन ठेवली.

बरणी लोणच्याची, काचेची. प्लॅस्टिकच्या झाकणाला भोक पाडून त्यातून रेशमाचा एकच तंतू खाली सोडला होता, आईच्या जुन्या साडीतून ओढून काढलेला. त्याच्या टोकाला टिकल्यांच्या डबीतल्या आरशाचा तुकडा आणि आरशाच्या पाठीला चिकटवलेलं चपटं चुंबक, आम्ही त्यालाच सुई म्हणायचो. शेजारी फळीवर, जत्रेत मिळते ती लाल लेझरची कांडी घट्ट बांधलेली. कांडी लावली की उजेड आरशावर पडून उलटतो आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटतो. चुंबक केसभर वळलं तरी लांबच्या भिंतीवर ठिपका चांगला सरकलेला दिसतो. बस, एवढंच यंत्र.

ताईच्या घराच्या मागच्या खोलीपाशी गाड्या फिरकत नाहीत. ताई शाळेत शिकवते, उन्हाळ्याची सुट्टी होती, तिला सातवा महिना लागला होता आणि दिवसभर घरात बसून ती वैतागली होती. बरणी तिला आवडली. तिच्या सासूबाईंना मात्र भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा नको होत्या. मग आम्ही भिंतीवर एक पाठकोरं पत्रक चिकटवलं. कोरी बाजू वर, छापलेली बाजू भिंतीकडे. सासूबाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"तुझ्या बापाचं पत्रक ना? त्याचं तोंड भिंतीकडं हाय ना? मग ऱ्हाऊ दे."

त्यांचं माहेर-सासर दोन्ही निफाडकडचं, शेतीवाडीचं. शहरात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण बोलणं तिकडचंच राहिलं. मी त्यांना काकू म्हणते. त्या मला धाकटे म्हणतात, आणि रागावल्या की पुढारीण.

तेही खरंच. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होते. पाळी सुटली की गेटवर उभं राहून कामगारांची पत्रकं वाटायचे आणि रात्री पुढचं पत्रक लिहायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवर ओळखायला शिकले, गणितं त्यांच्या पाठीवर केली. 'जाहीर आव्हान' हे शब्द मला 'शुभं करोति'च्या आधी पाठ होते. ग्रहण आलं की बाबांचं वेगळं पत्रक निघायचं. आधीच्या आठवड्याच्या बाजारात आम्ही ते हरसूलला जाऊन वाटायचो आणि ग्रहणाच्या दिवशी भर चौकात आई विळीवर कांदे चिरायची, पोहे व्हायचे, आम्ही सगळ्यांसमोर खायचो. 'ग्रहणाचा पोटातल्या बाळावर काडीचाही परिणाम होत नाही.' हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणू शकते. एकदा हरसूलचा एक म्हातारा पोह्यांची प्लेट चाटूनपुसून म्हणाला होता, "तुमचं बोलणं काय पटलं नाय बा. पण पोहे झाक. पुढच्या ग्रहणाला पन या."

अशा घरातली ताई इंदिरानगरला सून म्हणून गेली. दोन्ही घरांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं. म्हणजे ग्रहणाचा विषय कुणी काढत नव्हतं.

बरणीने आम्हाला काही आठवडे फारसं काही दाखवलं नाही. ठिपका सकाळी एका बाजूला गव्हाच्या दाण्याएवढा सरकायचा आणि संध्याकाळपर्यंत परत यायचा. धागा पिळतो, दमट हवा लागते, असं मला वाटायचं. पण रोज त्याच वेळी, त्याच बाजूला? मग वाचलं की उन्हाने फार उंचावरच्या हवेत विजेचे प्रवाह सुरू होतात, त्यांचा हा परिणाम असतो. मी ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सूर्य रोज येऊन आपल्या बरणीला चिमटा काढून जातो." त्या दिवसापासून ती रोज न चुकता ठिपक्यावर खूण करायला लागली.

अक्षय्य तृतीया झाली, तिच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. आमच्याकडे ताई आमरस खायला यायची होती. त्याऐवजी सकाळी तिचा फोन आला, आणि ती कुजबुजत होती.

"ऐक. ठिपका गेला."

"कुठे गेला?"

"कागदाच्या कडेला. बोटभर तरी. मी हात लावलेला नाही, फळीला धक्का नाही, काही नाही."

आदल्या दोन दिवसांपासून बातम्या येत होत्या की सूर्यावर मोठे स्फोट झालेत आणि त्यांची लाट पृथ्वीकडे निघाली आहे. रात्री लडाखमधून लाल आकाशाचे फोटो आले होते. आणि आता ती लाट आमच्या लोणच्याच्या बरणीत! मी ओरडलेच, "ताई, हेच ते! हेच बघायचं होतं आपल्याला!"

"हो गं. पण तुझ्या आधी सासूबाईंनी बघितलं. माझ्या मागेच उभ्या होत्या."

मग तिने पुढचं सांगितलं. सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर सकाळी एक मेसेज आला होता. जळत्या सूर्याचं चित्र आणि खाली मजकूर: आज सौर वादळ आहे, गरोदर बायकांनी बाहेर पडू नये, विळी-सुरी हातात धरू नये, वादळ शमेपर्यंत काही खाऊ नये. सासूबाईंनी ग्रहण पाळतात तसंच सगळं मांडलं होतं. मागच्या खोलीच्या खिडकीला चादरी लावल्या, ताईला सरळ झोपवलं, उशाशी तुळशीचं पान घातलेलं पाणी ठेवलं. "पाणीच पितेय सकाळपासून," ताई म्हणाली. डॉक्टरांनी तिला थोडं थोडं पण सारखं खायला सांगितलं होतं, पोट रिकामं राहिलं की तिला गरगरतं. "मी आधी हसण्यावारी नेलं. म्हटलं, आई, असं काही नसतं. तेवढ्यात कांडी लावली आणि ठिपका हा असा गेलेला. आता काय बोलू? लवकर ये. भूक लागलीये गं."

मी खाली धावले. गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे. बाबा तिथेच होते आणि त्यांच्यासमोर गरम गरम गठ्ठा पडत होता. मेसेज त्यांच्यापर्यंतही पोचला होता. त्यांनी दुकानाच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं ग्रहणाचं जुनं पत्रक उघडलं होतं, 'ग्रहण' जिथे जिथे होतं तिथे 'सौर वादळ' घातलं होतं आणि माझ्या बरणीच्या कौतुकाने एक ओळ स्वतःची वाढवली होती. 'सौर वादळाचा पृथ्वीवर काडीचाही परिणाम होत नाही. चुंबकाची सुईसुद्धा जागची हलत नाही. हलवून दाखवा. जाहीर आव्हान!'

"बाबा, सुई हलते."

"कसली सुई?"

"आपली. ताईकडची. आज सकाळी हलली, वादळाने."

बाबांनी एक पत्रक उचलून उजेडात धरलं, जणू शाई कुठे पसरलीय का ते बघत होते. "मग काय लिहायचं? हलते, पण थोडी हलते, पण बाळाला काही होत नाही, पण... पत्रकात 'पण' आला की पत्रक मेलं. तुला माहीत आहे."

"आणि खोटं आलं की?"

"वेडी आहेस का? तिकडे पोरगी उपाशी आहे. तिला जेवायला घाल आधी. सुईचं नंतर बघू."

हे त्यांच्या तोंडून ऐकून मी हादरलेच. छापलेला शब्द खोटा निघाला तर तो परत घेता येत नाही, म्हणून लिहिण्याआधी तीनदा विचारायचं, हे मला शिकवणारा माणूस तो हाच. त्यांनी निम्मा गठ्ठा माझ्या स्कूटीच्या डिकीत कोंबला आणि मी निघाले.

रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात. सुई हलली म्हणावं तर ताई त्या खोलीतच राहणार. धागा पिळला, फळी हलली असं काहीतरी ठोकून द्यावं तर ती लगेच उठून जेवणार. सोपं होतं. काकूंना यातलं काय कळणार, असंही एकदा मनात आलं. आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. माणसांना काय कळणार, असं म्हणून ज्यांनी त्यांच्या गळ्यात काहीही मारलं त्यांच्याविरुद्धच तर आमच्या घरची सगळी शाई गेली होती.

काकूंनी दार उघडलं. "या पुढारीण! मोर्चा एकटीचाच हाय का मागून येतोय?"

"एकटीच आहे, काकू."

"आन् पत्रक?"

"गाडीत आहे."

"राहू दे मग गाडीतच. ऊन खाऊ दे त्याला."

मागच्या खोलीत चादरींमुळे दाट अंधार होता. ताई पलंगावर उताणी पडली होती, दोन्ही हात पोटावर. अंधारामुळे लाल ठिपका इतका ठळक मी कधी पाहिला नव्हता. रोजच्या खुणांचा झुबका कागदाच्या मधोमध आणि ठिपका एकटाच लांब कडेला. मी पलंगापाशी जायच्या आधी भिंतीपाशी गेले, हे ताई मला अजून ऐकवते.

"हलला का नाय?" काकूंनी विचारलं.

"हलला."

ताईने डोळे मिटून घेतले.

"सूर्यानंच हलवला ना?"

"हो, काकू. सूर्यानेच."

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. जिंकल्यासारखा चेहरा करतील असं वाटलं होतं, पण त्यांचा रंग उतरला होता. आम्ही नाही म्हणू, मग भांडण होईल आणि भांडणात थोडा धीर येईल, अशी काहीतरी आशा त्यांना असावी. "मेसेज खोटा असंल म्हनून मी देवाला हात जोडत व्हते," त्या म्हणाल्या. "आता तूच खरा म्हनतीस."

"मेसेज खरा नाही. वादळ खरं आहे. सांगू का नीट?"

"सांग. पण भाषण नको."

मी सांगायला लागले. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड फिरतंय, त्यातून तिला चुंबकत्व आलंय, आणि ते तिच्याभोवती आकाशात लांबवर पसरलंय. सूर्याचा वारा येतो तेव्हा थेट आपल्या अंगावर येत नाही, आधी त्या चुंबकत्वावर आदळतो. समोरून ते दबतं, वारा दोन्ही बाजूंनी निघून जातो आणि मागे ते लांब ताणलं जातं.

"म्हनजे गोदेला पूर आल्यावर दुतोंड्या मारुतीचं होतं तसं," काकू म्हणाल्या. "पुढून पाणी फुगतं, दोन्ही अंगानं जातं आन् मागं लांबवर घोळत ऱ्हातं."

नाशिककर गोदावरीचा पूर त्या मारुतीवर मोजतात, गुडघ्याला लागला, कमरेला लागला, छातीला लागला. मी जन्मभर ते ऐकलं होतं आणि मला ते सुचलं नव्हतं.

"अगदी तसंच. मागे जे लांब ताणलं जातं त्याला शेपटीच म्हणतात."

"मारुती म्हनल्यावर शेपटी असायचीच," काकू म्हणाल्या, आणि पलंगावरून ताई फिसकन हसली.

"हसू नको, सरळ झोप. बरं, मग मारुती असताना पाणी आत घुसतं कुठनं?"

हा प्रश्न मला स्वतःला समजायला बराच वेळ लागला होता. मी सांगितलं की वारा येताना स्वतःचं थोडं चुंबकत्व घेऊन येतो. ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलट दिशेचं निघालं तर दोन्ही एकमेकांना धरतात, चुंबकाची उलट टोकं धरतात तशी, आणि मग वाऱ्याची काही ताकद आत शिरते. ती शिरली की पृथ्वीभोवती खूप लांबून विजेचा एक प्रवाह कड्यासारखा गोल फिरायला लागतो. त्याचं चुंबकत्व इथल्या चुंबकत्वात मिसळतं. म्हणून बरणीतली सुई वळली. कण मात्र जमिनीपर्यंत येत नाहीत, वरच्या हवेतच अडतात. लडाखचं आकाश लाल दिसलं ते तिथे, उंचावर. रेडिओ खरखरतात, उपग्रहांना त्रास होतो. खाली, खोलीत, पलंगावर, काही येत नाही.

"पन सुई तर खोलीतच हाय."

"सुईला चुंबकत्वाचा फरक कळतो. फार थोडा फरक."

"थोडा का होईना." काकू ठिपक्याकडे बघत होत्या. "बरं, सुटणार कधी?"

"माहीत नाही. आज, उद्या. कुणालाच नक्की सांगता येत नाही."

"बघ. ग्रहनाला निदान मोक्ष तरी असतो. पंचांगात वेळ दिलेली असते. ह्याला मोक्ष बी नाय." मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अगं, पन बरणी हाय की! ठिपका परत जागेवर आला म्हनजे सुटलं. तोवर पाळायचं."

माझ्या हाताने बांधलेली बरणी त्या पंचांगाच्या जागी ठेवत होत्या! मी उभी राहिले आणि सुरू झाले. बाईच्या पोटावर समाजाचा पहारा, भीतीचा धंदा, मेसेज पाठवणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे. आवाज आपोआप चौकातला लागला.

"म्हटलं ना भाषण नको," काकू म्हणाल्या. मोठ्याने नाही. "माझ्या पोराचा ओठ बघितलाय ना तू?"

दाजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या वरच्या ओठावर एक बारीक व्रण आहे. लहानपणी ओठ शिवलेला. मिशीखाली झाकलेला असतो. मी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं.

"तिसरा सरत आला व्हता मला. डोहाळे लागले व्हते कैरीचे. घरात ग्रहन पाळायला बसवलेलं. सगळे पारावर गेले तसं मी उठले, विळी घेतली, कैरी चिरली आन् मीठ लावून खाल्ली. जावंनं बघितलं. पोर झालं, ओठ फाटलेला. मग काय. त्याचं शिवून झालं, शाळा झाली, नोकरी लागली, लग्न झालं, तरी गावात गेलं की कुणीतरी म्हनतंच, ही कैरी खाल्लेली." त्या ताईकडे वळल्या. "तुला कुणी असं म्हनू नये बाई. म्हनून पाळते मी. बाकी मला काय, तुला उपाशी ठेवायची हौस हाय?"

दुभंगलेल्या ओठावर आमच्या ग्रहणाच्या पत्रकात एक अख्खा परिच्छेद आहे, ठळक अक्षरांत. मला त्यातला एकही शब्द त्यांच्यासमोर उच्चारता आला नाही.

ताई कुशीवर वळली. "आई, बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. तिसरा सरेपर्यंत जुळायचं ते जुळून गेलेलं असतं. मी सोनोग्राफीच्या वेळी विचारलं होतं डॉक्टरांना."

"तुला कुणी सांगितलं व्हतं विचारायला?"

"ह्यांनीच. ह्यांना पण कळत असतं ना, गावात काय म्हणतात ते."

आणि ताई हातांवर जोर देऊन उठली, पाय खाली सोडले आणि खोलीबाहेर चालू लागली.

"कुठं निघालीस? अगं, उठू नको! धाकटे, धर तिला!"

मी धरलं नाही. स्वयंपाकघरात काहीतरी वाजलं आणि ताई परत आली ती एका हातात विळी आणि दुसऱ्या हातात कैरी घेऊन. ती दारातून आत आली, फळीच्या जवळून चालली, आणि कागदावरचा ठिपका उडाला. उडालाच. कागद सोडून वीतभर लांब, थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

तिघी जागच्या जागी थांबलो. ताईलाही हे माहीत नव्हतं. तिने विळी घेऊन दोन पावलं मागे टाकली. ठिपका डुलत डुलत कागदावर आला. पुढे झाली, तो पुन्हा कॅलेंडरवर.

"आई," ताई हळूच म्हणाली, "ही विळी रोज माझ्या पोटाशी असते. सगळ्या बायकांच्या असते."

काकूंनी तिच्या हातातून विळी घेतली. म्हणतील आता काहीतरी, असं वाटलं. पण त्या स्वतः बरणीपाशी गेल्या. विळी जवळ नेली, लांब नेली, वरून नेली. पातं उलटं केलं तर ठिपका दुसरीकडेच पळाला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या. लाटण्याने काही झालं नाही. पितळेच्या तांब्याने झालं नाही. तव्याने झालं. स्टीलच्या एका डब्याने किंचित झालं, दुसऱ्याने अजिबात नाही, तेव्हा त्या दुसऱ्या डब्याला म्हणाल्या, "मेला खोटा निघाला काय? दुकानदारानं तर एकच भाव लावला व्हता." मी स्टीलमध्ये प्रकार असतात हे सांगायला लागले, पण त्या ऐकत नव्हत्या. त्यांना कुलूप सापडलं होतं.

मला एक गोष्ट सांगणं भाग होतं. "काकू, सुईचं आणि पोटाचं एक नाही हं. सुईला फक्त चुंबकत्व कळतं. विळीने पोटाला काही होत नाही, एवढंच तुम्हाला इतकी वर्षं अनुभवाने माहीत आहे. आणि सूर्याने झालेला फरक विळीपेक्षाही कमी आहे, हे आज भिंतीवर दिसतंय. मी एवढंच म्हणू शकते."

"कळतंय मला," काकू म्हणाल्या. "बोटभर आन् वीतभर. डोळे हायत मला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा. मी स्पीकर लावला तसा काकूंनी फोन हातातून घेतला.

"व्याही, तुमची सुई हलली बरं का!"

"कुणी हलवली?" बाबा एकदम सावध.

"आधी सूर्यानं हलवली. मग सुनेनं हलवली. आता मी हलवतीय."

पलीकडे एक टेम्पो गेला. "किती हलली?" बाबांनी शेवटी विचारलं. चौकातल्या आवाजात नव्हे, मापं घेणाऱ्या टर्नरच्या आवाजात.

"येऊन बघा की. पत्रक बाहेर ठेवून या म्हनजे झालं."

बाबा संध्याकाळी आले आणि ठिपक्यासमोर स्टूल टाकून कितीतरी वेळ बसले. पुढे त्यांनी जे पत्रक लिहिलं त्यात त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य आहे, आणि त्यात दोन 'पण' आहेत. डिकीतला गठ्ठा पाठकोरा होता, तो खुणा करायला वर्षभर पुरला. पण हे नंतरचं.

त्या दुपारी ताई पलंगावर बसून आदल्या दिवसाची, अक्षय्य तृतीयेची उरलेली पुरणपोळी खायला लागली होती. कुणी दे म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. तिने स्वतःच ताट वाढून आणलं होतं. काकूंनी खिडकीची एक चादर काढली, दुसरी राहू दिली, कारण सगळा उजेड आला तर ठिपका दिसेना. मग त्यांनी मला विचारलं, "ग्रहनाच्या दिवशी किती हलत असंल गं हा?"

"माहीत नाही, काकू. कदाचित आजच्याइतकाही नाही."

"कदाचित म्हनजे?"

"म्हणजे बघावं लागेल."

"मग पुढच्या ग्रहनाला बघू. बरणी इथंच ऱ्हाऊ दे. न्यायची नाय."

पोळी संपवून ताईने कैरी उचलली आणि विळी मांडून खाली बसायला लागली.

"थांब," काकू म्हणाल्या.

ताई अर्धवट वाकलेली तशीच थांबली.

"सातवा हाय तुला. खाली नको बसू, पोट दबतं." आणि पदर खोचून त्या स्वतः बसल्या. विळी पायाखाली धरली, कैरीचा देठ उडवला, आणि पहिली फोड कापायच्या आधी क्षणभर पात्याकडे बघत राहिल्या. मग मान वर करून भिंतीकडे बघितलं आणि विळी थोडी फळीकडे सरकवून घेतली. कैरीची फोड पडली. विळी हलली तसा ठिपका हलला. फोड, ठिपका. फोड, ठिपका. त्यांना हसू यायला लागलं होतं.

"मीठ आण गं," त्या मला म्हणाल्या. "आमच्या दोघींपुरतं आण."